गालाला हात लावू नका

चेहरा दुखतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. पोट दुखतं म्हटलं की माणसं ओवा देतात, कंबर दुखते म्हटलं की तेल चोळतात. चेहरा दुखतो म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघतात, आणि तोंड तर चांगलं दिसतं. ना सूज, ना फोड. "मग दुखतंय कुटं?" असं विचारलं की बोट लावून दाखवायचीही सोय नव्हती, कारण बोट टेकलं की कळ उठायची. मग मी उजव्या गालापासून चार बोटं लांब बोट धरून दाखवायची.

"म्हंजी हवेत दुखतंय व्हय तुजं?" माझी जाऊ म्हणाली. घरातल्या सगळ्या हसल्या. मीपण हसायला गेले आणि हसताना कळ आली.

आमचं घर माले गावात, पौडवरून धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. थोडं भातखाचर आहे, ते घरापुरतं होतं. बाकी शनिवार-रविवार पुण्याहून गाड्या येतात, त्या माणसांना आम्ही घरगुती जेवण घालतो. पिठलं, भाकरी, खर्डा, इंद्रायणीचा भात. पाटी नवऱ्यानं लावली, चूल माझी. आणि आल्या-गेल्याला हाक मारायचं कामही माझंच. "या, बसा, हातपाय धुवा तिकडं, गरम वाढते!" तुझा आवाज ऐकूनच गिऱ्हाईक गाडी थांबवतंय, असं नवरा म्हणायचा. तोंडाची मी कधीच गरीब नव्हते. कुणी भाकरी उरवली तर पुण्याच्या माणसालाही ऐकवायची.

त्याच तोंडानं दगा दिला. पहिल्यांदा कळ आली ती सकाळी चूळ भरताना. मोटारीचा शॉक ज्यानं खाल्लाय त्याला लगेच कळेल, तसंच. कानापासून सुरू होऊन वरच्या दाढेपर्यंत सरळ गेली आणि थांबली. तांब्या हातातून पडला. मग काहीच नाही. मी उभी राहून विचार करत होते की आत्ता काय झालं, तेवढ्यात दुसरी आली.

मी म्हटलं, दाढ. दुसरं काय असणार? पौडला दाताच्या डॉक्टरकडं गेले. पोरगंच होतं ते, शिकून नुकतं बसलेलं. त्यानं फोटो काढला, ठोकून बघितलं, म्हणाला, "मावशी, दाढ चांगली आहे."

"दाढ तुमची हाय का माजी? उपटा म्हणते ना."

तो नको नको म्हणत होता. मी त्या खुर्चीत बसून त्याच्याशी असं भांडले की बाहेरची माणसं दारातून डोकवायला लागली. शेवटी त्यानं उपटली. महिन्याभरानं जाऊन शेजारचीही उपटून घेतली. दोन्ही दाढा पांढऱ्याशुभ्र, कीड नाही की काही नाही. दुखणं होतं तिथंच. एवढं भांडून चांगल्या दाढा घालवल्या हे घरी सांगायची लाज वाटली, म्हणून किडल्या होत्या म्हणून सांगितलं. लाजेची सुरुवात तिथून झाली.

मग ती वाढतच गेली. एका रविवारी एक कुटुंब जेवायला बसलं होतं. बाई चांगली होती बिचारी, भाकरीचं कौतुक करत होती. "अजून एक वाढा ना," म्हणाली. मी तव्यावरची भाकरी घेऊन वाकले आणि कळ आली. तोंड अर्धवट उघडं राहिलं, एक डोळा मिटला, आणि मी तशीच वाकलेली. तोंड मिटायची हिंमत होईना. ओठाच्या कडेनं लाळ सुटली ती सरळ तिच्या ताटात. त्या बाईनं बघितलं. ताट हळूच पुढं सरकवलं आणि म्हणाली, "झालं आमचं, पोट भरलं." आरडाओरडा केला असता तर मी उलट बोलले असते. तिनं तसं केलं नाही आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. नवऱ्यानं त्यांचे पैसेच घेतले नाहीत.

त्यानंतर मी पदर घ्यायला लागले. कापड गालाला लागलं तरी चालायचं नाही, म्हणून पदराचा काठ हातानं लांब धरायचा आणि आडून बोलायचं. वाराही नको, पंखाही नको. गावातल्या बायकांना मज्जा. "सासू हुती तवा कधी पदर घेतला न्हाई, आता कुणाला लाजतीस गं?" घराबाहेरची हाक बंद झाली. नवरा स्वतः रस्त्यावर उभा राहून "या, बसा" म्हणायला लागला. त्याला ते येत नाही. म्हशीला बोलवल्यासारखं बोलवतो.

आमची लेक हिंजवडीला कंपनीत आहे. एकुलती एक. तिनं एक दिवस मला तोंड धुताना बघितलं. मी ओल्या कापडानं फक्त डावी बाजू पुसत होते. उजव्या बाजूला कित्येक दिवसांचा राप बसलेला. तिनं तिथंच फोनवर बोटं चालवली आणि पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली. तिला सुट्टी मिळेना, म्हणून नवरा आणि मीच गेलो. तिथं मला एका नळकांड्यात निजवलं आणि आत ढुमढाम, ढुमढाम आवाज. तेवढ्यात दोनदा कळ येऊन गेली. हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. रडले तरी हलले नाही.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी फोटो उजेडाला लावून समजावलं. कवटीचा तळ जसा असायला हवा तसा माझा नाही. मानेचा वरचा मणका वर सरकून त्या तळात घुसलाय, त्यामुळं आत मेंदूच्या मागच्या भागाला जागा कमी पडते, आणि चेहऱ्याची नस जिथून निघते तिथं तिच्यावर दाब येतो. मला आमचं बूड आत गेलेलं पातेलं आठवलं. वरून बघावं तर चांगलं, भात मात्र कमी मावतो. बांधावरून चालताना मला झोक जायचा, लोक म्हणायचे चक्कर येते हिला, तेही त्यातलंच निघालं.

"म्हणजे पडले-बिडले तवा झालं का हे?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. हे जन्मापासूनचं आहे," डॉक्टर म्हणाले. "हाड तयार होतानाच तसं झालेलं. त्रास मोठेपणी सुरू होतो. ऑपरेशन करावं लागेल, तोवर गोळ्या देतो." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुलं किती तुम्हाला?"

"एक लेक."

"तिला खोकताना, शिंकताना मानेच्या मागं दुखतं का? हे कधीकधी घराण्यात असतं. नसेलही. पण एकदा तिचं बघून घ्या."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. आमची लेक शिंकली की एक हात मानेच्या मागं नेऊन धरते. लहानपणापासून. आम्ही तिची नक्कल करून हसायचो. मी म्हणाले, "न्हाई. तिला कायबी न्हाई. चांगली ठणठणीत हाय."

आता हे का म्हणाले ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचं ते म्हणा. त्या आधीच्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नांद्याचा, तिच्याच कंपनीतला. दोघांनी आपापसात ठरवलेलं, पण गावच्या रीतीनं बैठक झाली. घर बघितलं, रान बघितलं, नोकरी तर माहीतच होती. सगळं झाल्यावर मुलाच्या चुलत्यानं पान तोंडात टाकत सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आजार-बिजार काय न्हाई ना घरात?" आमच्याकडं हा प्रश्न असाच शेवटी, सहज विचारतात, आणि त्याच्यावर सगळं अडतं. नवरा म्हणाला होता, न्हाई. तेव्हा ते खोटंही नव्हतं. दाढ दुखते म्हणजे काय आजार झाला?

आणि आता हे "जन्मापासूनचं". वयानं झालेलं असतं तर माझ्यापुरतं राहिलं असतं. जन्माचं म्हटलं की बायका आधी पोरीच्या मानेकडं बघणार. आमच्या माहेरची माणसं तशीही आखूड मानेची. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "लग्न हुंदे. मग तिला सांगू, मग तपासू. ऑपरेशनपण मग." नवरा भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता, तो समोर बघत राहिला. लेकीला घरी सांगितलं, नस दाबली गेलीय, वयानं होतं असं. ती म्हणाली, "बरं."

गोळ्या सुरू झाल्या. आणायचं काम लेकीकडं, कारण तिला पुणं सोयीचं, आणि डॉक्टर दर वेळी विचारून गोळी कमी-जास्त करायचे. कळा कमी झाल्या, पण झोप इतकी की भाकरी थापता थापता डोळा लागायचा. एकदा परातीत डोकं टेकता टेकता राहिलं.

लग्नाच्या आधीचे दिवस म्हणजे केळवणं. रोज कुणाच्या तरी घरी जेवायला. ताटाभोवती रांगोळी, पाट, आग्रह. आणि मला चारचौघांत चावता येत नाही. घास उजवीकडं गेला की संपलं. म्हणून मी उपास काढले. सोमवारचा धरलेलाच होता. मग मंगळवार म्हटलं, गुरुवार म्हटलं, शनिवार म्हटलं. शेवटी जाऊ म्हणाली, "अगं बाई, एखादा दिस देवाला तरी सुट्टी दे." सगळे खो खो हसले. मी घरी येऊन चुलीपुढं पाठमोरी बसून दूधभात कालवून, डाव्या बाजूनं, नीट गिळायची. माझ्याच पोरीच्या केळवणाला मी उपाशी बसले. तिच्याशेजारी बसून एक घास गोड तोंडानं खाल्ला नाही. ते आठवलं की अजून जीव चरचरतो.

या सगळ्या दिवसांत लेक शिंकली की मी दुसरीकडं बघायची. बघितलंच नाही म्हणजे झालं नाही, अशी माझी अक्कल. आई म्हणवून घ्यायला लायक आहे का मी, असं एकदोनदा मनात यायचं, आणि लगेच दुसरं काम काढायची. लग्नघरात कामाला काय तोटा!

हळद दुपारी होती. आमच्याकडं नवरदेवाला हळद लागते, त्यातली उरलेली नवरीला आणतात. ती उष्टी हळद घेऊन मुलाकडच्या बायका गाड्या भरून येतात. नवरीला लावून झाली की मग विहिणींची पाळी. मुलाची आई मुलीच्या आईला हळद माखते, चांगली दोन्ही हातांनी, तोंडाला. मुलीच्या आईनं ती लावून घ्यायची, थोडं पळायचं, थोडं भांडायचं, बाकीच्या बायका धरून आणणार. त्यात खरा मान असतो. विहिणीनं तोंडाला हळद लावली म्हणजे नातं लागलं. जिनं तोंड चुकवलं तिच्याबद्दल वर्षानुवर्षं बोलतात.

मला त्या हळदीची कित्येक दिवस आधीपासून धास्ती. सकाळी गोळी जास्तीची घेतली. ठरवलं होतं की स्वयंपाकाच्या खोलीतून बाहेरच पडायचं नाही. डीजे लागला, बायका नाचायला लागल्या. लेकीला हळद लागताना मी दारातून बघितली. पिवळी धमक झाली होती, हसत होती. तेवढ्यात जाऊ आली आणि तिनं माझं कोपर धरलं.

"विहीणबाई कुटंय, विहीणबाई कुटंय करून वरडायला लागल्यात. चल की!"

"मला काम हाय."

"कसलं काम? आज तुजं ह्येच काम!"

ओढत नेलं मला. मधोमध विहीणबाई उभ्या. अंगानं भरलेल्या, कमी बोलणाऱ्या, नवीन मोरपंखी साडी नेसलेल्या. एका हातात ताट, दुसऱ्या तळहातावर हळदीचा गोळा. भोवतीच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, "तोंडाला लावा! तोंडाला!" जाऊनं मला मागून धरलेलं. विहीणबाई जवळ आल्या. ओठ हलले त्यांचे, काहीतरी म्हणाल्या, त्या गोंगाटात ऐकू आलं नाही. मला फक्त तो पिवळा हात येताना दिसला.

मी त्यांच्या हातावर जोरात फटका मारला. नुसता मारला नाही, ओरडलेही. "लांब व्हा!" माझा तो रस्त्यावरचा आवाज, इतके दिवस बंद पडलेला, तो नेमका तेव्हा निघाला. ताट उडालं. मोरपंखी साडीवर वरपासून खालपर्यंत हळद. गाणं वाजतच होतं, पण नाचणाऱ्या थांबल्या. मुलाकडची एक बाई म्हणाली, "आवो, काय ही रीत झाली?" दुसरी म्हणाली, "लईच ताठ दिसतीया पोरीची आई." माझा नवरा मंडपाच्या टोकाला उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मोडलं. ज्याच्यासाठी एवढं लपवलं ते मी माझ्याच हातानं मोडलं.

विहीणबाईंनी साडीकडं बघितलंसुद्धा नाही. त्या मागं वळून आपल्या बायकांना म्हणाल्या, "अगं माजाच हात निसटला, हळद लई पातळ केलीया कुणीतरी." मग त्या वाकल्या. बोटांना लागलेली हळद त्यांनी माझ्या पायांना लावली, एका पायाला, मग दुसऱ्या. मुलाची आई मुलीच्या आईच्या पायाशी वाकली! आमच्या सगळ्या गावात असं कुणी बघितलेलं नसेल. जाऊनं मला सोडून दिलं. मी तिथून पळाले, सरळ आतल्या खोलीत, आणि धान्याच्या कणगीमागं जाऊन उभी राहिले.

लेक मागोमाग आली. हळदीनं माखलेली, तशीच. तिनं दार लावून घेतलं.

"आई, त्या गालाला लावणार नव्हत्या," ती म्हणाली. "पायालाच लावणार होत्या. आमचं ठरलं होतं तसं."

"तुमचं म्हंजी?"

"त्यांना माहितेय सगळं. तुझ्या हाडाचं, नसेचं. जन्मापासूनचं आहे तेही."

"तुला कुणी सांगितलं?"

"गोळ्या आणायला मीच जाते ना? पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी विचारलं, तू तपासून घेतलंस का म्हणून. मला काय माहीत कशाबद्दल बोलतायत! मग त्यांनी सांगितलं." ती माझ्याकडं न बघता हातावरची वाळलेली हळद खरवडत होती. "घेतलं मी तपासून. तो आला होता बरोबर."

काय निघालं, हे विचारायचं धाडसच होईना. तिनंच सांगितलं.

"माझंही तसंच आहे. तुझ्यापेक्षा कमी. आत्ता काही करायचं नाही म्हणाले, लक्ष ठेवायचं. बाळंतपणाच्या वेळी आधी सांगायचं. त्याच्या घरी आम्ही दोघांनी बसून सांगितलं. त्याची आई म्हणाली, आमच्यात नाही का कुणाला काही."

म्हणजे मुलाच्या घरी माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, लेकीला स्वतःचं माहीत होतं. तपासायला गेली तेव्हा त्या नळकांड्यात ती एकटी निजली असेल, तो आवाज ऐकत. आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातात गोळ्यांची पिशवी देऊन विचारत असेल, आई, जेवलीस का? मी उपास आहे म्हणत असेन. त्या नळकांड्याच्या बाहेर आईनं उभं राहायचं सोडून दुसरंच कुणी उभं राहिलं.

"मग मला का न्हाई सांगितलंस?" मी म्हणाले. रागानं म्हणाले. तेव्हासुद्धा राग, बघा.

तिनं वर बघितलं. रागावलेली नव्हती. समजूत घालावी तसं म्हणाली, "तुला लाज वाटली असती आई. तुला तुझीच इतकी वाटते. मग माझीपण वाटली असती."

नाही गं बाई, तुझी कशी वाटेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि कळ आली. कानापासून दाढेपर्यंत, लागोपाठ. मी भिंतीला हात टेकला. तिनं मला धरलं, चेहऱ्याला कुठं स्पर्श होणार नाही असं, पाठीमागून, कमरेला. तिला येतं ते. कळ जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"राहू दे, बोलू नको," ती म्हणाली.

कळ गेली. मग बोलता आलं असतं मला. मी बोलले नाही.